शंभर बिटांची पेटी: दीड वर्षाच्या वापरानंतर

पेटीवर शंभर लिहिलंय आणि मोजली तर शंभर भरतात. चांगलं आधी बोलून घेते, कारण पुढे रडगाणं आहे.

वस्तू म्हणाल तर स्क्रू ड्रायव्हरची बिटं. एक रबरी मूठ, तिच्यात रॅचेट (एकाच दिशेला धरणारी दातेरी यंत्रणा), बोटभर लांबीचा एक वाढीव दांडा, लांब होणारा चुंबकाचा दांडा आणि काळ्या स्पंजात ओळीने खोचलेली शंभर टोकं. चपटी आणि फुलीची टोकं घरोघर असतात, त्यांच्यासाठी कुणी पेटी घेत नाही. पेटी घ्यायची ती बाकीच्यांसाठी: मधोमध भोक असलेला सहा पाकळ्यांचा तारा, भोकवालाच षट्कोन, तीन पात्यांचं टोक, सापाच्या डोळ्यांसारख्या दोन भोकांत बसणारं दोन दातांचं टोक. म्हणजे कंपनीने "इथे हात लावू नका" असं ज्या आकारात लिहिलेलं असतं, ते सगळे आकार. पेटीवरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हीच पेटी तीन वेगळ्या नावांनी विकायला ठेवलेली मी पाहिली आहे, स्पंजचा रंग तेवढा बदललेला.

मी उपकरणं उघडते ती दुरुस्तीसाठी नाही. दुरुस्ती करणाऱ्याने ज्यांना हात जोडले ती माझ्याकडे येतात. बाबा जळालेल्या विजेच्या मोटारींची गुंडाळी नव्याने भरून द्यायचे. शाळेतून आलं की स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांमधून जुनी तार उपसून काढायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे जळक्या व्हार्निशचा वास मला आजही घरचा वाटतो. आता दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि संध्याकाळी यंत्रं. यंत्र मी सोडवते, फोडत नाही. घण आणि छिन्नी घेतली तर वॉशिंग मशीनची मोटर दहा मिनिटांत बाहेर येते. मला तीच काढायला तास लागतो. पण त्या तासात मोटरच्या जोडीने पाण्याचा व्हॉल्व्ह, पंप, बेअरिंगं, स्विच, दाराचं कुलूप सगळं शाबूत हाताला लागतं. धातू वजनावर जातो आणि चालू भाग नगावर जातो. पेटीचे पैसे त्या दुसऱ्या खात्यातून वसूल व्हायचे असतात. ज्याला नुसतं तांबं आणि पत्रा हवा आहे त्याने घण घ्यावा, त्याचं टोकही तुटत नाही.

टोक तुटण्यापर्यंत येतेच. आधी पेटी हातात आल्यावर पहिल्या संध्याकाळी काय केलं ते सांगते. बाबांची परीक्षा: कानस. बारीक दातांची कानस बिटाच्या कोपऱ्यावर एकदा हलकी ओढायची. कानस घसरून "च्रीक" आवाज करत निघून गेली तर पोलाद कडक आहे. कानशीने चावा घेतला आणि चकचकीत रेघ उमटली तर ते बिट पहिल्याच गंजलेल्या स्क्रूवर वळणार. पेटीवर ठसठशीत "एस-२ पोलाद" छापलंय. एस-२ हे धक्के सोसायला केलेलं हत्यारांचं पोलाद, चांगल्या बिटांना तेच वापरतात. मी बारा बिटं तपासली. फुलीची आणि ताऱ्याची मोठी टोकं घसरली, उत्तम. षट्कोनी बारीक टोकं आणि तीन पात्यांची सगळी कानशीने खाल्ली. म्हणजे एकाच पेटीत दोन जातींचं पोलाद आहे आणि झाकणावर नाव एकाचंच. तेव्हाच कळलं की शंभरातली निम्मी नुसती आकडा भरायला आहेत.

दुसरी गोष्ट लांबीची. बिटाचा पाठीमागचा षट्कोन नेहमीच्या मापाचा, ६.३५ मिलिमीटर म्हणजे पाव इंच, त्यामुळे कोणत्याही मुठीत बसतो. पण बिटाची एकूण लांबी फक्त २५ मिलिमीटर. मिक्सरच्या बुडाचे, इस्त्रीच्या मुठीचे, व्हॅक्यूम क्लीनरचे स्क्रू खोल नळीत बसवलेले असतात. नळी अरुंद असली तर वाढीव दांड्याचं जाड तोंड आतच जात नाही आणि बिट वरच्यावर लोंबकळतं. घरगुती यंत्रं उघडणाऱ्याला शंभर आखूड बिटांपेक्षा दहा लांब बिटं जास्त उपयोगी. ही गोष्ट पेटी बनवणाऱ्याला माहीत नसेल असं वाटत नाही, पण "शंभर" छापता येतं, "दहा" छापून पेटी कोण घेणार?

आता मायक्रोवेव्ह, कारण पेटीची खरी कसोटी तिथे लागली आणि आयुष्यात एकदाच हात कापला तोही तिथेच.

शेजाऱ्यांचा जुना मायक्रोवेव्ह, आतला दिवा लागायचा, ताटली फिरायची, अन्न मात्र थंडच. बाहेरच्या पत्र्याला मागून सात स्क्रू, त्यातले तीन भोकवाले टी-२०. (हा ताऱ्याचा आकडा आहे, क्रिकेटशी संबंध नाही.) या स्क्रूच्या डोक्यात मधोमध एक बारीक खुंटी असते आणि ती बिटाच्या भोकात शिरते. कल्पना चांगली, पण भोक पाडल्यामुळे बिटाचा गाभाच निघून जातो. भरीव टोकाची ताकद त्यात उरत नाही. पहिले दोन स्क्रू सुटले. तिसऱ्याच्या आट्यात गंज होता. मी मुठीवर भार दिला, एक कोरडा "टक्" आवाज आला आणि ताऱ्याच्या दोन पाकळ्या स्क्रूतच राहिल्या. हात सटकून पत्र्याच्या कडेवर. कड करवतीसारखी असते, अंगठ्याच्या बुडाशी खोल चीर गेली. तेव्हापासून पत्रा उचलताना जाड हातमोजे, पेटी कुठलीही असो.

भाचा शेजारी बसून सगळं बघत होता. मी पट्टी बांधून परत आले तर म्हणतो, "मावशी, ती मधली खुंटी मोडून टाकली असती तर?"

"मग?"

"मग तो साधा तारा होईल. भरीव बिट लाव की."

आणि खरंच. पुढच्या मायक्रोवेव्हपासून मी तेच करते. जुन्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं बारीक टोक खुंटीला बाजूने लावायचं, हातोडीचा एक ठोका, खुंटी कटकन मोडते. मग साधं भरीव टी-२० बिट, जे जास्त भार घेतं. म्हणजे ज्या खास भोकवाल्या बिटांसाठी पेटी घेतली, त्यांचीच गरज दहा वर्षांच्या पोराने अर्ध्यावर आणली. पाकळ्या अडकलेला तो तिसरा स्क्रू मात्र करवतीने डोक्यात आडवी खाच पाडून चपट्या टोकाने काढावा लागला.

मायक्रोवेव्हचा पत्रा निघाल्यावर पुढचं काम बिटांचं नाही, अक्कलेचं आहे. पेटीसोबतच्या घडीच्या कागदावर मायक्रोवेव्हचं चित्र छापलंय आणि धोक्याबद्दल एक अक्षर नाही. आत एक चपटा डबा दिसतो, त्यावर १ मायक्रोफॅरडच्या आसपासचा आकडा आणि साधारण २१०० व्होल्ट छापलेलं असतं. हा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग. प्लग काढून ठेवला तरी तो भरलेला राहू शकतो. भार उतरावा म्हणून त्याच्या आत एक रेझिस्टर असतो खरा, पण तो निकामी झालेला असला तर बाहेरून कळत नाही. मी लांब दांड्याचा, मुठीला तडा नसलेला वेगळा स्क्रू ड्रायव्हर ठेवलाय. त्याने आधी कपॅसिटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडते, मग प्रत्येक टोक पत्र्याच्या सांगाड्याला, आणि हे सगळं दुसरा हात पाठीमागे ठेवून, दोनदा. पेटीतली मूठ यासाठी वापरू नये, रॅचेटची धातूची कडी बोटांपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर आहे. हे वाचताना ज्याच्या पोटात गोळा आला त्याने मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये. बाकीची यंत्रं भरपूर आहेत.

पुढे मात्र मायक्रोवेव्ह भरभरून देतो. दाराच्या कुलपाशी तीन मायक्रोस्विच, ताटली फिरवणारी चपटी मोटर जी मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, पंखा, उष्णतेने तुटणारे दोन बटणाएवढे कटआउट, काचेऐवजी चिनी मातीच्या नळीतला फ्यूज. आणि ट्रान्सफॉर्मर, सगळ्या यंत्रात जड भाग तोच. जाड तारेची गुंडाळी प्राथमिक, केसासारख्या बारीक तारेची दुसरी, आणि मध्ये दोन-तीन वेढे घेतलेली रबरी आवरणाची तार. मॅग्नेट्रॉनमधून, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या भागातून, दोन गोल फेराइट चुंबक मिळतात, ते हातोडीच्या दांड्याला चिकटवून मी खिळे वेचते. मॅग्नेट्रॉनच्या तोंडाशी सिरॅमिकची गुलाबी किंवा पांढरी कडी असते. काही जुन्या नमुन्यांत ती बेरिलियम ऑक्साइडची असू शकते आणि तिची धूळ फुप्फुसात जाणं फार वाईट. ती कडी मी फोडत नाही, घासत नाही, अख्खीच बाजूला ठेवते. काही भाग न उघडता ठेवणं हाही या कामाचा भाग आहे.

ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीने मला एकदा चांगलं फसवलं होतं, आणि इथे घरातल्या सुरीची गोष्ट येते. गुंडाळी लालसर, चकचकीत. मी मनात तांब्याचं वजन लावून बसले. पण उचलली तर हाताला हलकी. तांब्याची घनता ८.९६ आणि अॅल्युमिनियमची २.७, म्हणजे त्याच आकाराची तांब्याची गुंडाळी तिपटीहून जड लागली पाहिजे. सुरीने तारेवरचं इनॅमल, म्हणजे रंगाचं आवरण, खरवडलं, खाली पांढरं निघालं. रंग इनॅमलचा होता, धातूचा नव्हे. वॉशिंग मशीनच्या मोटारी, पंखे, कॉम्प्रेसर, सगळीकडे आता अशी अॅल्युमिनियमची तार भरलेली सापडते. बाबांच्या वेळी मोटर म्हटली की तांबं. आता खरवडल्याशिवाय मी कुठलीच गुंडाळी तांब्याच्या डब्यात टाकत नाही. दोन्ही एकत्र गेली तर घेणारा सगळा ढीग हलक्या मालाच्या भावात लावतो, आणि त्यात त्याचं चुकतही नाही.

चुंबकाचा दांडा हा या पेटीतला सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा तुकडा. झाकणावरच्या शंभरांत तो मोजलेलासुद्धा नाही. पेनाएवढा असतो, ओढला की हातभर लांब होतो, टोकाला शेंगदाण्याएवढा चुंबक. सांगाड्यात पडलेला स्क्रू काढायला दिलाय, पण मी त्याने धातू ओळखते. पितळी दिसणाऱ्या नळाच्या जोडाला टेकवा: चिकटला तर आत लोखंड, वर मुलामा. नाही चिकटला तर पितळ असेल किंवा जस्ताचं ओतीव असेल. तिथे मग कानस, आतून पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर जस्त. स्टीलच्या बाबतीत भाच्याशी माझा वादही झाला. वॉशिंग मशीनच्या ड्रमला चुंबक चिकटला, म्हणून तो म्हणाला हे स्टेनलेस नाही. आहे. ज्या स्टेनलेसमध्ये निकेल असतं, साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं, त्याला चुंबक धरत नाही. निकेल नसलेल्या ४३० जातीच्या स्टेनलेसला धरतो आणि ड्रमला ते चालतं. गंजत नाही, पण निकेलचा भावही मिळत नाही. दोन ढीग वेगळे करायला हा दांडा पुरतो.

समोरून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनवर या पेटीने हात टेकले, पण दोष पेटीचा नाही, माझ्या अपेक्षेचा. वरचं झाकण आणि मागचा पत्रा टी-२० आणि फुलीच्या बिटांनी आरामात सुटला. पुढे मात्र सगळे बोल्ट, तिथे पान्यांचा सेटच पाहिजे. काँक्रीटचे वजनाचे ठोकळे धरून ठेवणारे बोल्ट मुठीतल्या रॅचेटने काढायला गेलं तर रॅचेटचे दात कुरकुरतात. मी एकदाच प्रयत्न केला. ते ठोकळे ड्रम हादरू नये म्हणून असतात, त्यांना भंगारात किंमत शून्य. माझ्याकडे एक आता दाराला आड म्हणून बसलाय. ड्रमच्या मागे अॅल्युमिनियमचा तीन पायांचा आधार, साबण आणि पाण्याने बहुतेक वेळा पोखरलेला. त्याच्या दांड्यावर दोन बेअरिंगं. बेअरिंगच्या कडेवरचा आकडा वाचायला बाबांनी शिकवलं: ६२०४ असेल तर शेवटच्या ०४ ला पाचाने गुणा, आतलं भोक २० मिलिमीटर. ६२०५ म्हणजे २५. ०४ पासून पुढे हा हिशेब बसतो. फिरवून खरखर लागली नाही तर ते बेअरिंग नगावर, खरखरलं तर वजनावर.

पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह मी सगळ्यात आधी काढते. दोन स्क्रू, एक नळी. मीटरने त्याच्या कॉइलचा रोध मोजला आणि चार हजार ओहमच्या आसपास आला तर कॉइल जिवंत. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार आत कुठेतरी तुटलेली. पंपाचं पातं ज्या काळ्या दांड्यावर फिरतं तो पूर्ण चुंबक असतो, मुलांना द्यायला उत्तम. बोर्ड काढताना एक लक्षात ठेवायचं: पॉवर बोर्डवरचा जाडा, उभा कपॅसिटरही प्लग काढल्यावर झटका देऊ शकतो. आणि बोर्डातलं सोनं काढायला अॅसिडच्या बाटल्या आणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. वॉशिंग मशीनच्या बोर्डात सोनं शोधायचं म्हणजे डोळे गमवायची तयारी ठेवून पितळ शोधायचं.

मिक्सर आणि इस्त्री ही पेटीची आवडती गिऱ्हाइकं. मिक्सरच्या बुडाचे स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. पाय नखाने उचकटा, खाली फुली. वरचा जोड निघत नसेल तर जोर वाढवायच्या आधी दिशा बदलून बघा, बऱ्याच मिक्सरना तिथे उलटे आटे असतात, म्हणजे फिरताना जोड आपोआप आवळत जातो. मी पहिल्यांदा सुलट्या दिशेने एवढा जोर दिला होता की जोडच फुटला. आत कार्बन ब्रश आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आर्मेचरच्या गळ्यात तांब्याच्या पट्ट्यांचं कम्युटेटर. इस्त्रीत उष्णतेने वाकणारी दोन धातूंची पट्टी, आणि फार जुन्या इस्त्रीत अभ्रकावर गुंडाळलेली नायक्रोमची तार. फार जुन्या इस्त्रीत किंवा टोस्टरमध्ये करडा, धागे सुटणारा पुठ्ठा दिसला तर मी तिथेच थांबते, कारण तो अॅस्बेस्टॉस असू शकतो. झाकण परत बसवून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून वेगळा ठेवते.

फ्रिज मी उघडत नाही. लोक आणून ठेवतात, मी दाराचं चुंबकी रबर, थर्मोस्टॅट, जाळ्या आणि कॉम्प्रेसरच्या बाजूचा रिले काढते, बस. पाठीमागच्या चिठ्ठीवर आर-६००-ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा वायू. आर-१३४-ए असेल तर हवेत सोडल्यावर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरणारा. आणि आर-१२ असेल तर ओझोनचा थर खाणारा, ज्याच्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियलला करार झाला. नळी कापून तांबं काढणारे "फुस्स" झालं की हसतात. ज्याच्याकडे गॅस ओढून घ्यायचं यंत्र आहे त्याने तो काढून दिला की मग कॉम्प्रेसरला हात. मोठ्या काचेचे जुने टीव्हीही मी घेत नाही. काचेत शिसं आणि आत पोकळी, फुटला तर आतल्या बाजूला कोसळून तुकडे उडवतो.

वायरबद्दल एकच सांगते, पेटीशी संबंध नसला तरी. सोलायचा कंटाळा आला म्हणून जाळायची नाही. आवरणाच्या प्लास्टिकमधून आम्लाचा धूर निघतो, डायॉक्सिनं निघतात, आणि तांबं काळं पडून त्याचा दर्जा घसरतो. जाडी वायर सुरीने, बारीक वायर आवरणासकट. बारीक वायर सोलून तांबं काढण्यात मी एक अख्खा रविवार घालवला होता आणि संध्याकाळी हातात मूठभर तार होती.

आता विक्रेता. टी-२० तुटल्यावर मी फोटो काढून पाठवला, सोबत लिहिलं की झाकणावर आजीवन हमी छापलेली आहे. उत्तर आलं की हमी "मुठीला" आहे, बिटं "झिजणाऱ्या वस्तूंत" येतात. मी परत लिहिलं की ते झिजलेलं नाही, मोडलंय. त्यानंतर उत्तर नाही. नाव घेत नाही, कारण अशा पेट्यांचे विक्रेते महिन्यागणिक बदलतात, पुढच्याला याचं उत्तर देऊन काय उपयोग. पेटीची बिजागरी सातव्या महिन्यात गेली. स्पंज सैल झालाय, पेटी उभी धरली की पुढची ओळ खाली सांडते. बिटांवरचे आकडे छापील आहेत, कोरलेले नाहीत, ते बोटाच्या घामाने पुसत चालले आहेत. टी-१५ आणि टी-२० मध्ये फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. आकडा पुसला की संध्याकाळच्या उजेडात डोळ्यांना कळत नाही, लहान टोक मोठ्या खाचेत फिरतं आणि खाच खराब होते. मी नेलपेंटने ठिपके लावले आहेत: एक ठिपका टी-१०, दोन टी-१५, तीन टी-२०.

मूठ मात्र खरंच चांगली. दीड वर्षात रॅचेटचे दात एकदाही घसरले नाहीत, रबर चिकट झालं नाही, दिशा बदलायची कडी हातमोज्यातूनही फिरते. फुलीच्या दोन नंबरच्या बिटाची धार अजून आहे. एक बारकावा सांगते, यात बऱ्याच जणांचे स्क्रू वाया जातात. फुलीच्या स्क्रूमध्ये दोन जाती असतात: साधी पीएच (फिलिप्स) आणि पीझेड (पोझिड्राइव्ह). डोक्यावर फुलीच्या मधल्या कोपऱ्यांत चार बारीक रेघा दिसल्या तर तो पीझेड, त्याला पीझेड-२ बिटच लावायचं; पीएच-२ लावलं तर बसल्यासारखं वाटतं आणि जोर दिला की वर उसळतं. पेटीत दोन्ही आहेत, पण शेजारी शेजारी आणि एकाच रंगाची.

मोडलेलं भोकवालं टी-२० सोडलं तर दीड वर्षात मी मोजून नऊ बिटं वापरली: फुलीची दोन, पीझेड-२, चपटं एक, भरीव टी-१०, टी-१५, टी-२०, टी-२५ आणि भोकवाला षट्कोन. तीन पात्यांचं बिट एकदाही खाचेला लागलं नाही. नव्याने सुरू करणाऱ्याला पेटी घे म्हणेन की नको? मूठ आणि चुंबकाच्या दांड्यासाठी घे म्हणेन, आणि सोबत या नवांतली पहिली आठ लांब दांड्याची वेगळी घे म्हणेन. पाचपैकी तीन तारे. त्यातला एक पूर्ण चुंबकाच्या दांड्याचा.

गेल्या आठवड्यात कुणीतरी कॉफीचं यंत्र आणून ठेवलं. त्याच्या मागच्या पत्र्याला लांबट, लंबगोल डोक्याचे स्क्रू, खाच नाही की खुंटी नाही, नुसतं गुळगुळीत डोकं. उरलेली सगळी बिटं लावून पाहिली, त्या आकाराचं एकही नाही. शेवटी जुन्या छत्रीच्या पोकळ दांड्याचा बोटभर तुकडा कापला, पक्कडीत धरून त्याचं तोंड हळूहळू चेपत त्या डोक्यावर बसेल असं केलं, हातोडीने ठोकून घट्ट बसवलं आणि दुसऱ्या टोकाला पक्कड लावून फिरवलं. चौथ्या फेरीला स्क्रू हलला. स्पंजच्या सैल झालेल्या पुढच्या ओळीत सुरीने एक नवी खाच पाडून तो तुकडा आता तिथे ठेवलाय. नेलपेंटचे चार ठिपके.